दुधाच्या दातांचे दुखणे

दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, या एका समजुतीपोटी असंख्य लहान मुलांच्या वेदनेकडे डोळेझाक होते. सरकारी योजना आहेत, दंतवैद्यांची वाण नाही, स्वस्त आणि सोपे उपायही उपलब्ध आहेत. तरीही उपचार मुलापर्यंत पोहोचत नाहीत. असे का होते, याचा हा वेध.

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दंतमंजनावरील करही १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतील या वस्तू स्वस्त झाल्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु याच निर्णयाने बिस्किटे, चॉकलेट, केक आणि आइस्क्रीम यांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. साखरेच्या गोळ्या १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या श्रेणीत आल्या. फसफसणाऱ्या शीतपेयांवर मात्र ४० टक्क्यांचा चढा दर लागू झाला. दात स्वच्छ ठेवणारी वस्तू आणि दात किडवणारा खाऊ एकाच दिवशी करांच्या एकाच पायरीवर येऊन बसले. करप्रणाली सुटसुटीत करणे आणि ग्राहकाच्या हाती चार पैसे ठेवणे हा या फेररचनेचा हेतू होता. बालकांच्या दातांचा विचार करण्याचे ते व्यासपीठ नव्हते, हे मान्य. प्रश्न असा आहे, की असा विचार करणारे व्यासपीठ देशात नेमके कोणते आहे?

निम्म्या मुलांचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्यविषयक अहवालात जगातील सुमारे ३५० कोटी लोक तोंडाच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने ग्रस्त असल्याचे नमूद केले आहे. त्यातील एक आकडा विशेष अस्वस्थ करणारा आहे. दुधाचे दात किडलेल्या मुलांची संख्या ५१ कोटींहून अधिक आहे. भारतीय दंतपरिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यानंतर निरनिराळ्या शहरांत आणि जिल्ह्यांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांतील टक्केवारी कमी-अधिक असली, तरी मूळ चित्र फारसे पालटलेले नाही. पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या दोन मुलांपैकी साधारण एकाच्या तोंडात किडलेला दात असतो आणि बहुतेकदा त्यावर कोणताही उपचार झालेला नसतो.

एखादा संसर्गजन्य आजार निम्म्या बालकांना झाला असता, तर विधिमंडळात लक्षवेधी सूचना आल्या असत्या आणि आरोग्य खात्याला रोज आकडे जाहीर करावे लागले असते. दातांच्या किडीबाबत असे घडत नाही, कारण ती कोणाचा जीव घेताना दिसत नाही. ती हळूहळू पसरते आणि दुखणे असह्य होईपर्यंत घरातच राहते. ज्याचे दुखते, त्याला नीट सांगता येत नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘दाढ दुखते’ असे म्हणत नाही; ते एका बाजूने चावते, पोळी-भाकरी नाकारून मऊ पदार्थ मागते, रात्री झोपेतून रडत उठते आणि चिडचिडे होते. घरातील मंडळी त्याला हट्टीपणा म्हणतात.

‘पडणारच आहेत’ ही समजूत

दुधाचा दात पडला, की तो घराच्या कौलांवर किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची रीत अनेक घरांत होती. त्यामागे नवा दात बळकट यावा, ही भाबडी इच्छा असे. नव्या दाताची काळजी आणि जुन्या दाताची उपेक्षा, हा भेद मात्र रीत गेल्यानंतरही टिकून राहिला. सुशिक्षित घरांतूनही ‘हे दात पडणारच आहेत, मग त्यांवर खर्च कशाला?’ असे सहज विचारले जाते.

शरीरशास्त्राला हा युक्तिवाद मान्य नाही. दुधाचे दात वीस असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे दात येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ आणखी सात-आठ वर्षे मुलाला वापरायची असते. चावण्यासाठी, स्पष्ट उच्चारांसाठी आणि जबड्याच्या वाढीसाठी या दातांची गरज असतेच. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी त्या जागा राखून ठेवतात. किडीमुळे दाढ वेळेआधी काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी तारा लावण्यासाठी होणाऱ्या खर्चाचे मूळ अनेकदा तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या दुर्लक्षात सापडते. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर हाडात घडत असलेल्या कायमच्या दाताच्या आवरणालाही इजा पोहोचू शकते. क्वचित हा संसर्ग चेहऱ्यावर आणि गळ्यापर्यंत पसरून मुलाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येते.

याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. या वयात दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती कधी आली, हे घरात कोणाला कळत नाही. तीही दुधाचीच समजली जाते आणि आयुष्यभर साथ द्यायची असलेली दाढ आठव्या-नवव्या वर्षीच पोखरली जाते. तोंडात आधीपासून किडीचे जंतू आणि किडलेले दात असले, तर या नव्या दाढेचा धोका आणखी वाढतो.

शब्दाने केलेली दिशाभूल

मराठीत ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगामुळे दातात कुठून तरी एखादा किडा शिरतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कानात नळी घालून किंवा औषधाची धुरी देऊन ‘दातातला किडा’ काढून दाखवणारे वैदू अनेकांनी पाहिले असतील. प्रत्यक्षात असा किडा नसतो. तोंडातील ठरावीक जीवाणू अन्नातील साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. या आम्लाने दातांच्या कठीण आवरणातील, म्हणजे एनॅमलमधील, खनिजे विरघळतात. दुधाच्या दातांचे एनॅमल कायमच्या दातांच्या मानाने पातळ असल्याने कीड लवकर आत उतरते. लाळ हे आम्ल धुऊन टाकते आणि खनिजे परत देते. पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. मूल दर तासाला काही गोड खात असेल, तर लाळेला ही संधीच मिळत नाही. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर खाल्लेला एक लाडू दातांना जितका बाधत नाही, तितका दिवसभर थोडा थोडा चघळलेला खाऊ बाधतो.

रात्री लाळेचे प्रमाण घटते. अशा वेळी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती ते दूध तासन्‌तास साचून राहते. खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आधाराने बचावतात, वरचे मात्र हिरडीलगत तपकिरी होऊन तुटू लागतात. चोखणीला मध लावणे, खोकल्याचे गोड औषध पाजून लगेच निजवणे, सकाळी चहात बिस्कीट बुडवून भरवणे, रडणे थांबवण्यासाठी गोळी हातात देणे, या सवयींचा परिणामही तसाच होतो. या साऱ्या गोष्टी मायेपोटी होतात, हे लक्षात घेतले पाहिजे. आईबापांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण बहुतेकांना हे कोणी सांगितलेलेच नसते. सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या आहाराच्या जोडीने स्तनपान, हा सल्ला बाळाच्या हिताचाच आहे; दातांच्या भीतीने तो सोडण्याचे कारण नाही. दात आल्यावर ते रोज स्वच्छ करणे आणि वरच्या अन्नात साखर न घालणे, एवढी काळजी त्याला जोडावी लागते.

दुसरा समज दात येण्याविषयीचा आहे. ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ असे म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष करणारी घरे आजही कमी नाहीत. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते. त्या वस्तूंवरील जंतूंमुळे जुलाब होऊ शकतात. दात येणे हे त्याचे कारण नव्हे. या गैरसमजापायी जलसंजीवनी देण्यास उशीर झाला, तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

साखरेची बाजारपेठ

घरातील सवयींना बाजाराची साथ असते. पाच-दहा रुपयांत मिळणारा बिस्किटाचा पुडा हा आज शहरातील झोपडपट्टीपासून आदिवासी पाड्यापर्यंत सर्वत्र पोहोचलेला बालआहार झाला आहे. कामावर जाणाऱ्या आईच्या दृष्टीने तो स्वस्त, टिकाऊ आणि पोट भरणारा पर्याय असतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या बालआहारावरील अहवाल प्रसिद्ध केला. युरोपातील बाजारात साखर न घालता विकला जाणारा आहार भारतासारख्या देशांत साखर घालून विकला जातो, असे त्यात दाखवून दिले होते. त्यावर बरीच चर्चा झाली. त्याच महिन्यात केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दुधात घालण्याच्या गोड पुडी ‘आरोग्यपेय’ या सदरातून काढून टाकण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असे कोणतेही सदरच नव्हते. वर्षानुवर्षे मुलांच्या उंचीचे आणि बुद्धीचे आश्वासन देत विकल्या गेलेल्या या पदार्थांची कायदेशीर ओळख तपासायला इतका काळ जावा लागला.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्याचा आदेश दिला. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात आणि ही मात्रा ५ टक्क्यांच्या शिफारशीच्या दुपटीहून अधिक आहे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले आहे. फलकाचा उपक्रम मधुमेह आणि लठ्ठपणा डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाला. दातांना त्याचा लाभ आपोआप होईल, परंतु तो शाळकरी वयात. मुलाच्या जिभेला गोडाची चटक पहिल्या दोन वर्षांत लागते आणि कीडही त्याच काळात सुरू होते. शाळेच्या भिंतीवरचा फलक त्या वयाच्या मुलापर्यंत पोहोचू शकत नाही.

पालघरहून निघालेली योजना

लहान मुलांच्या दातांसाठी सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जे तीस विकार या कार्यक्रमात तपासले जातात, त्यांत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करते. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला. २०१८ मध्ये घोषित झालेल्या आणि आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या बारा सेवांतही प्राथमिक मौखिक आरोग्यसेवेला स्थान मिळाले.

कागदावरील ही रचना चांगली आहे. अडचण तपासणीनंतर सुरू होते. पथकाने मुलाच्या तोंडात किडलेली दाढ पाहिली, तक्त्यात नोंद केली आणि पालकाला चिठ्ठी दिली, की कागदोपत्री काम पूर्ण होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद सर्वसाधारणपणे नसते. त्यासाठी ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे पडते. तीन वर्षांचे घाबरलेले मूल खुर्चीत बसवून त्याच्या दाताच्या शिरेवर उपचार करणे हे सामान्य दंतवैद्यालाही सोपे नसते. त्यासाठी बालदंतवैद्य लागतो आणि तो बहुधा महानगरात असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांच्या बालदंत विभागांवर म्हणूनच दूरदूरच्या रुग्णांचा भार पडतो. ज्यांना तेथवर जाणे जमत नाही, ते दुखणे वाढले की वेदनाशामक गोळी आणि शेवटी दात काढणे, या दोनच पर्यायांवर येऊन थांबतात.

शोध लागतो, पण उपचार होत नाही, अशा अवस्थेत तपासणीला फारसा अर्थ उरत नाही. किती मुलांची तपासणी झाली, याचे आकडे सांगितले जातात. त्यांतील किती मुलांच्या दातांवर प्रत्यक्ष उपचार झाले आणि त्यासाठी किती दिवस लागले, हा खरा निकष असायला हवा.

दंतवैद्य उदंड, तरीही

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची त्यांची क्षमता आहे. दंतवैद्यांची टंचाई हे कारण त्यामुळे पुढे करता येत नाही. उलट, शहरांतील एकेका रस्त्यावर चार-चार दवाखाने आणि पदवी घेऊनही पुरेसे काम नसलेले तरुण दंतवैद्य, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. ग्रामीण भागात मात्र सरकारी पदे मोजकी आणि खासगी दवाखाना चालेल अशी क्रयशक्ती नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. दंतपरिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचा भर शिक्षणाच्या दर्जावर आणि नियमनावर आहे. पदवीधरांना समाजाच्या गरजेशी जोडण्याचे काम आरोग्य खात्याचे आहे आणि ते त्या कायद्याने आपोआप होणार नाही.

खर्चाच्या बाबतीत कुटुंब बव्हंशी एकटे असते. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेल्या आहेत. दातात सिमेंट भरणे, दुधाच्या दाढेचे रूट कॅनाल करून त्यावर स्टीलची टोपी बसवणे ही कामे बाह्यरुग्ण विभागात होतात. खासगी आरोग्य विमाही दातांचा खर्च सहसा वगळतो. परिणामी मध्यमवर्गीय कुटुंब बचतीला हात घालते आणि गरीब कुटुंब उपचारच टाळते.

स्वस्त उपाय हाताशी

या प्रश्नाची आशादायक बाजू अशी, की महागडी यंत्रे आणि मोठी रुग्णालये यांवाचूनही त्यातील बराच भाग सुटू शकतो. एनॅमलवर हिरडीलगत दिसणारा खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची पहिली खूण असते आणि या टप्प्यावर ती परतवता येते. वरचा ओठ उचलून पाहिले, की हा पट्टा कोणालाही दिसतो. खड्डा पडल्यानंतरही बराच काळ उपाय चालतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावणाचा थेंब किडलेल्या भागावर लावला, की बहुतेक वेळा किडीची वाढ थांबते. ड्रिल, इंजेक्शन, वीज यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. तो भाग काळा पडतो, हा त्याचा दोष आहे आणि पालकांना त्याची कल्पना आधी द्यावी लागते. हातांनी वापरायच्या साध्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत टांझानियात १९८०च्या दशकात विकसित झाली आणि अनेक देशांनी ती स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट या तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, ते याच कारणासाठी.

प्रतिबंधाचे सर्वाधिक बोलके उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तेथे २००३ मध्ये पहिलीच्या वर्गातील केवळ ४५ टक्के मुलांच्या दातांवर किडीचा मागमूस नव्हता. २००६ पासून ‘चाइल्डस्माइल’ या कार्यक्रमांतर्गत पाळणाघरांत आणि बालवाड्यांत शिक्षकांच्या देखरेखीखाली मुले रोज दात घासू लागली, गरीब वस्त्यांतील मुलांच्या दातांवर ठरावीक काळाने फ्लोराइडचा लेप दिला जाऊ लागला. २०२० पर्यंत निरोगी दातांच्या मुलांचे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले. दात घासण्याच्या उपक्रमावर जितका खर्च झाला, त्याहून अधिक बचत उपचारांत झाल्याचे तेथील संशोधकांनी दाखवून दिले. शेजारच्या इंग्लंडमध्ये मुलांवरील दंतोपचार मोफत असूनही पाच ते नऊ वर्षांची मुले रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमुख कारण किडलेले दात हेच राहिले आहे. मोफत उपचारांपेक्षा रोजची सवय अधिक परिणामकारक ठरते, हा या दोन शेजाऱ्यांच्या अनुभवाचा धडा आहे.

फ्लोराइडचा पेच

परदेशातील उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही, याची जाणीवही ठेवायला हवी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी कायमचे दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात गेले, की दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग उमटतात. अनेक वर्षे सेवन झाल्यास हाडेही ताठर होतात. तिथे पहिली गरज शुद्ध पाण्याची आहे. पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याचे ‘नालगोंडा तंत्र’ नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच विकसित केले, हे येथे आठवावे. दुसरीकडे, धरणांचे पाणी पिणाऱ्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाण्यातून मिळणारे फ्लोराइड सामान्यतः कमी असते आणि तिथे टूथपेस्टमधील फ्लोराइड दातांना मोठे संरक्षण देते.

मात्र शहरी पालक नेमके उलट वागताना दिसतात. फ्लोराइडविषयी उलटसुलट वाचून ते फ्लोराइडविरहित ‘नैसर्गिक’ पेस्ट निवडतात. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक रंगीत, फळांच्या चवीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा अगदी कमी असते. भारतीय कायद्यानुसार टूथपेस्टमध्ये दहा लाख भागांत १००० भागांपर्यंत फ्लोराइड चालते. तज्ज्ञांच्या मते कीड रोखण्यासाठी साधारण तेवढेच लागते. फक्त मात्रा सांभाळावी लागते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पेस्ट लहान मुलाला कधीच देऊ नये. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट घासण्याचे कसब नसते, तेव्हा ब्रश मोठ्यांच्या हाती असावा. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचे आहे. राखुंडी आणि कोळशाच्या खरखरीत मंजनांनी कोवळे एनॅमल झिजते, म्हणून ती मुलांसाठी टाळावीत.

अंगणवाडीतून सुरुवात

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तीन ते सहा वयोगटातील मुले तिथे रोज येतात, आहार घेतात, हात धुण्याची सवय शिकतात. आहारानंतर चूळ भरणे आणि दिवसातून एकदा सगळ्यांनी मिळून दात घासणे ही त्याच दिनक्रमातील पुढची पायरी होऊ शकते. आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जातात. पहिले दात येण्याचा हाच काळ असतो. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर दिली जाते, तेव्हा बाळ आरोग्यसेविकेच्या समोर असतेच. ओठ उचलून दात पाहणे आणि बाटलीविषयी दोन वाक्ये सांगणे, याला दोन मिनिटे पुरतात. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाच्या तोंडाची एक तपासणी व्हावी, ही बालदंतवैद्यांची शिफारस खेड्यापाड्यांत अशाच मार्गाने प्रत्यक्षात येऊ शकते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. अंगणवाडी सेविकांवर आधीच नोंदी, मोबाइल ॲप, सर्वेक्षणे आणि पोषण आहार यांचा बोजा आहे. मानधन आणि सेवाशर्तींसाठी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सुरू केलेला संप पुढच्या जानेवारीपर्यंत लांबला होता. त्यांच्या माथी आणखी एक काम मारून, वर त्याचे आणखी एक रजिस्टर लिहायला लावले, तर हा उपक्रमही इतर अनेक उपक्रमांच्या पंक्तीत जाऊन बसेल. म्हणून साहित्याचा पुरवठा, प्रशिक्षण आणि मानधनातील वाढ या गोष्टी आधी आणि अपेक्षा नंतर, हा क्रम पाळावा लागेल. प्रत्येक मुलामागे वर्षाला काही ब्रश आणि थोडी पेस्ट, हा खर्च राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात डोळ्यांत भरणारा नाही. तिथे काटकसर करणे म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखे आहे.

उपचारांच्या बाजूने बालतपासणी पथकात दंतवैद्याची किंवा प्रशिक्षित दंत आरोग्य साहाय्यकाची भर घालणे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट तालुका पातळीवर उपलब्ध ठेवणे, आणि दंत महाविद्यालयांच्या फिरत्या दवाखान्यांना जिल्हे वाटून देणे, ही कामे नव्या कायद्याविना होऊ शकतात. सध्याच्या तक्त्यात ‘उपचार पूर्ण झाला का?’ हा एक रकाना आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवले, तरी बरेच साधेल. बिस्किटे आणि गोड खाऊ यांच्यावरील करसवलतीचा आरोग्यावरील परिणाम तपासण्याची मागणीही राज्यांना परिषदेत करता येईल. शीतपेयांना वेगळा न्याय लावता येतो, हे त्या परिषदेनेच दाखवून दिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कृती आराखड्याने २०३० पर्यंत ८० टक्के लोकांना आवश्यक मौखिक आरोग्यसेवेचा हक्क मिळावा आणि तोंडाच्या प्रमुख विकारांचे एकत्रित प्रमाण १० टक्क्यांनी घटावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. पालघरहून निघालेल्या तपासणी कार्यक्रमाला त्या वेळी सतरा वर्षे झालेली असतील. पहिल्या फेरीत अंगणवाडीत तपासलेली मुले तेव्हा वीस वर्षांच्या आसपास असतील आणि त्यांच्या तोंडातील दात त्या तपासणीनंतर काय झाले, याचा हिशेब देत असतील. आज ज्या बाळांना पहिला दात येत आहे, ती २०३० मध्ये शाळेत जाण्याच्या वयाची होतील. त्यांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा हवा असेल, तर दुखू लागण्याची वाट न पाहता पहिल्या दातापासून सुरुवात करावी लागेल.